विरघळणे वेगळे, बदलणे वेगळे

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त माण, ता. मुळशी, जि. पुणे येथे शालेय विद्यार्थी व शेतकरी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक काम उरकून घेतो. टेबलावर तीन पेले ठेवले आहेत. तिन्हींत अर्धा अर्धा पेला पाणी आणि एक एक चमचा युरिया आहे. पहिल्यात आणखी काहीच नाही. दुसऱ्यात कच्च्या सोयाबीनचे पीठ दोन चमचे टाकतो. तिसऱ्यातही सोयाबीनचेच पीठ दोन चमचे टाकतो, परंतु हे सोयाबीन आधी अर्धा तास पाण्यात खदखदून उकळले, वाळवले आणि मग दळले आहे. तिन्ही पेले ढवळून झाकून ठेवतो. शेजारी या पिवळ्या पट्ट्या आहेत. टीपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवला, की अशी पट्टी तयार होते. पाऊण तासाने आपण या पट्ट्या पेल्यांत बुडवून पाहणार आहोत. तोपर्यंत पेल्यांना कोणी हात लावू नये.

आजचा विषय तुमच्या पुस्तकातलाच आहे : पदार्थाचे भौतिक आणि रासायनिक गुणधर्म. व्याख्या तुम्हाला पाठ असतील. रंग, वास, घनता, विद्राव्यता, द्रवणांक, कठीणपणा हे भौतिक गुणधर्म. पदार्थ मूळचा पदार्थच राहतो आणि हे आपल्याला पाहता किंवा मोजता येतात. लोखंड गंजते, लाकूड जळते, चुना पाण्याने तापून फुलतो हे रासायनिक गुणधर्म. पदार्थ मूळचा राहत नाही तेव्हाच ते कळतात. परीक्षेत दोन गुणांसाठी एवढे लिहिले तरी चालते. शेतात मात्र हा फरक न ओळखल्याची किंमत मोजावी लागते, आणि ती आमच्या घराने मोजलेली आहे. तीच गोष्ट आधी सांगतो.

वास आला म्हणजे खत जोरात

मी तेव्हा आठवीत होतो. आमची भाताची तीन खाचरे. त्या वर्षी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून अमोनियम सल्फेटच्या दोन गोण्या आणल्या होत्या. हे खत साखरेसारखे बारीक असते आणि पावसाळी हवेत हाताला चिकटते. मुठीने फेकताना एकसारखे पडत नाही. कोणीतरी सांगितले, की चुलीतली राख चाळून त्यात मिसळा, खत मोकळे होते. सांगणाऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. खत मोकळे झाले.

पडवीत ढीग घालून फावड्याने मिसळताना आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. नाकात झिणझिण्या आल्या. वडील म्हणाले, "खत लई जोरात हाय, वासच सांगतोय." जेवणे झाली, रात्रभर ढीग तसाच राहिला, आणि सकाळी खत शिवारात पडले. पंधरा दिवसांनी शेजारच्या खाचरातले भात काळेभोर हिरवे झाले होते, आमचे पिवळेच. वडिलांना वाटले, गोणीतच भेसळ होती. दुकानदाराशी बोलाचालीही झाली.

गोणीत भेसळ नव्हती. अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१ टक्के नत्र असते आणि ते अमोनियमच्या रूपात बांधलेले असते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असते, म्हणून ओली राख चांगलीच विम्ल असते. विम्ल पदार्थ आणि अमोनियमचे खत ओलाव्यात एकत्र आले, की अमोनिया वायू सुटतो. आईच्या डोळ्यांना झोंबत होता तो हाच वायू. म्हणजे तो वास खताच्या जोराचा नव्हता, खत घरातून निघून जात असल्याचा होता. रात्रभर आमच्या कर्जाचे पैसे पडवीच्या कौलांतून वर जात होते आणि आम्ही खाली निवांत झोपलो होतो.

मला आजही टोचते ते पुढचे. त्याच आठवड्यात माझी चाचणी परीक्षा होती आणि "वायू बाहेर पडणे हे रासायनिक बदलाचे एक लक्षण आहे" हे वाक्य मी त्याच पडवीत बसून घोकत होतो. गुण पैकीच्या पैकी मिळाले. पण पुस्तकातला वायू आणि पडवीतला वास एकच आहे, हे काही माझ्या डोक्यात आले नाही. ते कृषी महाविद्यालयात गेल्यावर दुसऱ्या वर्षी कळले. घरी जाऊन वडिलांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी दुकानदाराला उगाच बोललो."

पालकांपैकी तंबाखू मळणारे येथे पुष्कळ असतील, त्यांना ही रासायनिक क्रिया तळहातावर ठाऊक आहे. डीएपी खरे की खोटे हे पाहण्यासाठी जुने शेतकरी चार दाणे तळहातावर घेऊन चुना लावून तंबाखूसारखे मळतात. उग्र वास आला तर खत अमोनियमचे आहे असे ते समजतात. परीक्षा योग्य आहे. चुन्याने जे चार दाण्यांचे होते, तेच राखेने आमच्या दोन गोण्यांचे झाले. चार दाण्यांवर ती परीक्षा ठरते आणि ढिगावर ते नुकसान ठरते, एवढाच फरक. म्हणून अमोनियम सल्फेट, डीएपी किंवा अमोनियम असलेले कोणतेही मिश्र खत चुना व लाकडाच्या राखेत मिसळू नये. राख जमिनीला वाईट नाही, तिच्यात पालाश आहे. ती वेगळी, काही दिवस आधी टाकून मातीत मिसळावी.

युरिया : दिसतो एक, वागतो दुसरा

आता पेल्यात आहे त्या युरियाकडे वळू. माणच्या शिवारात पूर्वीइतकी खाचरे राहिलेली नाहीत, हे मला येताना दिसले. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान माणपर्यंत आले आहे आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोचे खांबही येथूनच सुरू होतात. तरीही उरलेल्या तुकड्यांत आंबेमोहोर, इंद्रायणी लावणारी घरे आहेत, आणि मुळशीच्या पश्चिमेकडे तर भात हेच मुख्य पीक आहे. भात म्हटले की युरिया आलाच. इंद्रायणी हा वाण आपल्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला. आंबेमोहोराचा वास ज्या पदार्थामुळे येतो त्याचे नाव २-ॲसिटिल-१-पायरोलीन असे लांबलचक आहे. तो हवेत उडून जाणारा पदार्थ आहे, म्हणून सुवासिक तांदूळ उघडा ठेवू नये. हे जाता जाता सांगितले.

युरियाचे भौतिक गुणधर्म पाहा. पांढरा, दाणेदार, जवळजवळ बिनवासाचा. सुमारे १३३ अंश सेल्सिअसला वितळतो. एक लिटर पाण्यात साधारण खोलीच्या तापमानाला एक किलोपेक्षा थोडा जास्तच विरघळतो. आणि विरघळताना पाणी गार करतो. (येथे दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलावून पेल्यात पाणी व युरिया ढवळायला दिले. पेला फ्रीजमधून काढल्यासारखा गार झाला.)

आता मला सांगा, हा बदल भौतिक की रासायनिक?

"रासायनिक," असे बरेच आवाज आले. कारण विचारले तर, "तापमान बदलले." हे उत्तर चुकले असले तरी मला आवडले, कारण पुस्तकातील लक्षण तुम्ही लावून पाहिलेत. तापमान बदलणे हे रासायनिक बदलाचे एक लक्षण आहे हे खरे, पण एकट्या लक्षणावर निकाल देऊ नये. ताप आला म्हणजे हिवतापच असे डॉक्टर म्हणत नाहीत. येथे प्रश्न असा विचारावा : पाणी काढून टाकले तर मूळ पदार्थ परत मिळतो का? हे गार झालेले द्रावण पसरट बशीत उन्हात ठेवा. पाणी उडून गेल्यावर तळाशी पांढरे सुईसारखे स्फटिक दिसतील. तो युरियाच आहे. म्हणून युरिया विरघळणे हा भौतिक बदल. युरिया पाण्यात गेला म्हणजे संपला नाही, आणि पिकाला मिळालाही नाही. तो फक्त पाण्यात आहे.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. युरियात ४६ टक्के नत्र असते. हल्लीच्या ४५ किलोच्या गोणीत म्हणजे २०.७ किलो. भाताचे मूळ हे नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात घेते, आणि युरियाचे अमोनियम होणे हा रासायनिक बदल आहे. तो मातीत होतो. मातीतील सूक्ष्म जीव आणि कुजणारा पालापाचोळा यांत युरिएज नावाचे विकर असते. विकर म्हणजे क्रिया घडवून आणणारा आणि स्वतः न संपणारा पदार्थ. हे विकर युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते. ऊबदार ओल्या जमिनीत याला चार-दोन दिवस लागतात. हा बदल कोठे घडतो, जमिनीच्या पोटात की वरच्या पाण्यात, यावर शेतकऱ्याचा नफा-तोटा ठरतो.

समजा, खाचरात चार बोटे पाणी उभे आहे आणि आपण युरिया वरून फेकला. तो ताबडतोब विरघळला. युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून मातीचा कण त्याला धरून ठेवत नाही. त्याच रात्री मोठा पाऊस आला, खाचर बांधावरून फुटून वाहिले, तर युरिया खालच्या खाचरात, तेथून ओढ्यात आणि ओढ्यातून मुळा नदीत. पाऊस आला नाही, तर युरियाचे अमोनियम वरच्या पाण्यातच होते. त्या पाण्यात शेवाळ असते. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातील कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे पाण्याचा सामू वाढतो, कधी कधी ९ च्याही वर जातो. पाणी विम्ल झाले. विम्ल पदार्थ आणि अमोनियम एकत्र आले. पुढे काय होणार, हे तुम्हीच सांगा.

"पडवी!" असे एक मुलगी मागून म्हणाली. अगदी बरोबर. पडवीत घडले तेच खाचरात घडते, फक्त वास मोकळ्या हवेत जातो म्हणून डोळ्यांना पाणी येत नाही आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

वाटेत आणखी एक चोर आहे. खाचराच्या मातीचा वरचा पातळ थर पाण्यातून थोडा प्राणवायू घेतो. तेथे अमोनियमचे नायट्रेट होते. नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरते. खालच्या चिखलात प्राणवायू नसतो. तेथील सूक्ष्म जीव नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायू होऊन बुडबुड्यांतून हवेत परत जाते. युरिया-कारखान्याने हवेतून घेतलेले नत्र आपण पैसे देऊन पुन्हा हवेला देतो. सर्व वाटा मिळून, फेकून दिलेल्या युरियातील नत्रापैकी भाताला बहुधा ३० ते ४० टक्केच मिळते.

गोळी चिखलात का खुपसायची

हे सर्व रसायनशास्त्र ध्यानात घेऊन जी पद्धत बसवली गेली ती आपल्याकडे चारसूत्री भात लागवड या नावाने ओळखली जाते. डॉ. नारायण सावंत यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. पहिले सूत्र, भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मातीत मिसळणे. यातून रोपाला सिलिका मिळते व रोप कणखर होते. (राखेचे नाव निघताच काही जण माझ्याकडे पाहू लागले आहेत. ही तुसाची राख रोपवाटिकेच्या मातीत जाते, खताच्या गोणीत नाही.) दुसरे, चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा हिरवा पाला. तिसरे, दोरीवर नियंत्रित लावणी : १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटूनपालटून अंतर आणि एका चुडात दोन-तीनच रोपे. चौथे, युरिया-डीएपीची गोळी.

या गोळीत युरिया ६० आणि डीएपी ४० भाग असतो व तिचे वजन २.७ ग्रॅम असते. लावणीच्या दिवशीच, चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल एक गोळी हाताने चिखलात खुपसायची. हिशेब करणाऱ्या मुलांनी वहीत मांडून पाहावे : चार चुडांचा चौकोन ४० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १६९ किलो. त्यातून साधारण ५९ किलो नत्र व ३१ किलो स्फुरद मिळते.

गोळी करताना खतात रासायनिक बदल काहीच झालेला नाही. दाणे दाबून मोठे केले, म्हणजे आकार बदलला. हा शुद्ध भौतिक बदल आहे. पण त्यामुळे ती खोल खुपसता येते, आणि रासायनिक बदल आपल्याला हव्या त्या जागी घडतो. चिखलाच्या पोटात युरियाचे अमोनियम झाले, की त्यावर धनभार असतो. मातीच्या बारीक कणांवर ऋणभार असतो. ते एकमेकांना धरून बसतात. वर शेवाळ नाही, ऊन नाही, प्राणवायू नाही, म्हणून दोन्ही चोरांची वाट बंद. मूळ हळूहळू तेथपर्यंत येते आणि जेवते.

कष्ट आहेत, हे मी लपवत नाही. वाकून एक एक गोळी खुपसणे हे लावणी करणाऱ्या बायांच्या कमरेवर आणखी एक ओझे आहे, आणि खतावर वाचलेला पैसा मजुरीत जातो अशी तक्रार मी ऐकलेली आहे. ती खोटी नाही. घरची माणसे असलेल्या दहा-वीस गुंठ्यांच्या खाचराला ही पद्धत सर्वांत जास्त परवडते असे माझे मत आहे. ज्यांना गोळी जमत नाही त्यांनी एवढे तरी करावे : युरिया एकदम न देता हप्त्याने द्यावा, देण्यापूर्वी खाचरातले पाणी काढावे, चिखलावर युरिया देऊन तो पायाने किंवा कोळप्याने कालवावा आणि मग पाणी भरावे. पावसाचा जोर असेल तर थांबावे. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण असते. त्याने अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, म्हणजे दुसऱ्या चोराला थोडा आळा बसतो. उभ्या पाण्यातून अमोनिया उडतो तो पहिला चोर मात्र त्याने अडत नाही.

चाकणचा गंज आणि भाताचे मूळ

येथील बऱ्याच मुलांचे वडील, चुलते चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांत आहेत. त्यांना घरी विचारून पाहा. पत्रा दाबून गाडीचे दार काढतात तो भौतिक बदल. पत्रा तोच, आकार वेगळा. तो पत्रा पावसात उघडा राहिला तर तांबडा गंज चढतो तो रासायनिक बदल. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांपासून नवा पदार्थ झाला. तो ठिसूळ असतो, चुंबकाला लोखंडासारखा चिकटत नाही. पत्र्याला जस्त चढवतात, रंग देतात, ते लोखंड आणि प्राणवायूची गाठ पडू नये म्हणून.

आता श्रावणात भाताचे एक रोप चिखलातून अलगद उपटा आणि मूळ धुऊन पाहा. मुळावर तांबूस-नारिंगी थर दिसेल. तोही लोहाचा गंजच. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे मातीतले तांबडे लोह विरघळणाऱ्या रूपात जाते, म्हणून खाचराची खालची माती राखाडी-निळसर दिसते. भाताची पाने हवेतून प्राणवायू घेऊन देठातील पोकळ्यांमधून मुळाशी पोहोचवतात. मुळातून तो थोडा बाहेर झिरपतो आणि तेथे आलेले लोह गंजून मुळावर बसते. कारखान्यात जे नको असते, ते रोपाला उपयोगी पडते, कारण जास्तीचे लोह आत शिरण्याआधीच बाहेर अडते. मूळ काळे पडले असेल आणि नासक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर खाचरातले पाणी काही दिवस काढून चिखलाला हवा द्यावी.

पांढरी पूड आणि निळे पाणी

शेवटी थोडे सांभाळण्याबद्दल. तुमच्या घराच्या पडवीत, कोनाड्यात किती पांढऱ्या पुड्या आहेत, हे आज घरी गेल्यावर पाहा. मीठ, युरिया, चुन्याची फक्की, धुण्याचा सोडा, पिकावर मारायचे एखादे औषध. पांढरा रंग हा भौतिक गुणधर्म आहे आणि तो सर्वांचा सारखा आहे. खाल्ल्यावर पोटात काय होणार हे ठरते रासायनिक गुणधर्मावर, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अनोळखी पूड चाखून ओळखू नये आणि नाकाशी नेऊन हुंगू नये. औषध मूळ डब्यातच, चिठ्ठीसह, कुलपात ठेवावे. सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणाऱ्या माणसाला, मग तो वडीलधारा का असेना, तुम्ही मुलांनी टोकावे. त्याबद्दल तुम्हाला कोणी उद्धट म्हटले तर माझे नाव सांगा.

कळीचा चुना पाण्यात टाकताना तर फारच जपावे. चुना आणि पाणी यांची क्रिया होऊन इतकी उष्णता निघते, की पाणी उकळून उसळते. थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. चुना पाण्यात थोडा थोडा, तोंड लांब ठेवून टाकावा आणि मुलांनी हे काम एकट्याने करू नये. डोळ्यात गेलाच तर बराच वेळ स्वच्छ पाण्याची धार सोडावी व लगेच डॉक्टरकडे न्यावे.

हाच चुना मोरचुदाशी मिळाला, की बोर्डो मिश्रण होते. फ्रान्समधील बोर्डो भागात द्राक्षावरील केवडा रोगासाठी ते वापरता येते, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली जगापुढे मांडले. आपल्याकडे द्राक्ष, सुपारी, पानमळा यांना त्याचा आजही आधार आहे. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना वेगळ्या ५० लिटर पाण्यात विरघळवून व गाळून घ्यावा आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ढवळत ओतावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत. लोखंडाची का नकोत, हे दहावीच्या मुलांनी सांगावे. मोरचुदातील तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड त्याच्या जागी द्रावणात जाते, म्हणून. याच क्रियेची आपण परीक्षाही करतो. तयार मिश्रणात घासून स्वच्छ केलेला विळा किंवा खिळा थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर आला, तर मोरचूद मोकळे राहिले आहे, पाने करपतील. आणखी चुन्याची निवळी घालावी. थर येईनासा झाला की मिश्रण फवारणीस योग्य. ते त्याच दिवशी वापरावे, उद्यावर ठेवू नये. रंग आकाशी दिसला म्हणून मिश्रण बरोबर झाले असे समजून फवारणारे आणि मग पाने जळालेली पाहणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

आता पाऊण तास होत आला. पेल्यांची झाकणे काढू. वाचकांनी हा प्रयोग घरी जरूर करावा. कच्चे सोयाबीन कुटून घेतले तरी चालते. मात्र प्रयोगानंतर पेला साबणाने धुवावा आणि पीठ जनावरांच्या आंबोणात टाकू नये, युरिया त्यांना विषारी ठरतो.

पहिल्या पेल्यात पट्टी बुडवली. पिवळीच राहिली. नुसत्या पाण्यात युरिया युरियाच आहे. दुसऱ्यात, कच्च्या सोयाबीनच्या पेल्यात बुडवली. पाहा, तांबडी झाली. हळद विम्ल पदार्थात तांबडी होते, कुंकू करताना पूर्वी बाया हाच गुणधर्म वापरत. सोयाबीनमध्येही युरिएज असते, मातीतल्यासारखेच. झाकण काढल्यावर पुढच्या बाकावर वास आलेला दिसतो आहे, नाके मुरडली गेली. आता तिसरा. यातही सोयाबीन आहे, युरिया आहे, पाणी आहे, दिसायला दुसऱ्यासारखाच आहे. पट्टी पिवळीच राहिली. उकळल्याने विकर मेले.

मघाशी "पडवी" म्हणालेल्या मुलीने आता विचारले, "सर, मग राखेतसुद्धा ते विकर असतं का?" नाही. राख भट्टीतून निघालेली, तिच्यात विकर टिकेल कसे? राखेने थेट अमोनियमवर क्रिया केली, युरियावर नाही. कोरड्या युरियात कोरडी राख मिसळली तर लगेच तसा वास येणार नाही. पण म्हणून ती मिसळावी असे नाही, कारण पुढे ओल्या जमिनीत युरियाचे अमोनियम होणारच आहे आणि राख शेजारीच असेल. प्रश्न चांगला आहे. चौथा पेला मांडून पाहायला हरकत नाही : युरिया, पाणी, राख. पण त्या पेल्यात हळदीची पट्टी राखेनेच तांबडी होईल, मग अमोनिया सुटला की नाही हे कसे ओळखायचे? पट्टी पाण्यात न बुडवता, ओली करून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे तिला फक्त वायू लागेल. पेले येथेच ठेवून जातो, उद्या तुमच्या शिक्षकांबरोबर मांडा आणि काय दिसले ते पत्राने कळवा.